दोन रव्यांची आज्जी

“वजन किती?” सरांनी फोनवर विचारलं.

“सर, नातेवाईक म्हणतात, दोन रवे.”

पलीकडे सरांच्या मागे एक म्हैस ओरडली. सर, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, त्या दिवशी राधानगरीकडे तपासणी शिबिराला गेले होते आणि रेंज मिळावी म्हणून कुणाच्या तरी गोठ्याशेजारी उभे होते.

“कुठले रवे? जुने का नवे?”

माझ्या डोक्यात रवा म्हणजे उपम्याचा रवा. तो जाड असतो, बारीक असतो. जुना आणि नवा असाही असतो हे मला माहीत नव्हतं.

“गुळाचा रवा, अगं! ढेप! जुना तीस किलोचा, नवा दहाचा. कोल्हापुरातच जन्मलीस ना तू?”

जन्मले कोल्हापुरातच. पण शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि गूळ आमच्या घरी डब्यात असायचा. तो डब्यात येण्याआधी कुठल्या मापात असतो, हा प्रश्न कधी परीक्षेत आला नाही.

“तोंडी वजनावर काही सुरू करू नकोस. मोजून घे. कसंही कर, पण मोजून...” म्हैस परत ओरडली आणि रेंज गेली.

म्हणजे माझ्या पेशंटचं वजन एकतर साठ किलो होतं, नाहीतर वीस.

मी मंगळवार पेठेतल्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल ऑफिसर आहे. मेडिकल ऑफिसर म्हणजे मोठे डॉक्टर नसताना जो असतो तो. माझ्या फोनमध्ये डॉक्टरांसाठीचे बरेच कॅल्क्युलेटर आहेत. उंची-वजन टाकलं की माणूस जाड का बारीक ते सांगणारा. किडनी किती काम करतेय ते सांगणारा. रक्तातले क्षार कमी-जास्त झाले तर सलाइन कुठलं आणि किती वेगाने द्यायचं, त्याचा अंदाज देणारा. मला हे कॅल्क्युलेटर मनापासून आवडतात. ते नेमकं विचारतात, नेमकं सांगतात आणि मोठ्याने बोलत नाहीत. कोल्हापुरात हा शेवटचा गुण दुर्मीळ आहे.

पेशंटचं नाव हौसाबाई. सगळे तिला हौसाआज्जी म्हणत. बरोबर तिचा मुलगा तात्या, सून काकी, आणि नातू. नातू पैलवान होता, त्यामुळे त्याला कुणी नावाने हाक मारत नव्हतं. आज्जीला दोन दिवस उलट्या होत होत्या. त्या थांबल्या, पण आता ती गुंगीत होती आणि मधेच डोळे उघडून असंबद्ध बोलत होती. नातू समोर आला की लगबगीने डोक्यावर पदर घेत होती.

“सकाळधरनं मला सासरा समजायलीया,” पैलवान रडवेला होऊन म्हणाला. “पाया पडली माझ्या. आज्जी. माझ्या.”

रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम एकशे चौदा. ते एकशे पस्तीसच्या वर असायला हवं.

“मशीन बिघडली असंल,” तात्या म्हणाले.

मी पुन्हा रक्त पाठवलं. पुन्हा एकशे चौदा.

“सोडियम म्हंजे मीठच न्हवं?” काकींनी विचारलं. “मग लोनचं चाटवू काय?”

इथे जरा थांबून सांगते. रक्तातलं सोडियम कमी होतं तेव्हा मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं आणि मेंदूला सूज येते. म्हणून माणूस गुंगतो, बरळतो, फिटही येऊ शकते. बऱ्याचदा कारण निव्वळ मीठ कमी खाणं हे नसतं. आज्जीला बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, त्यात उलट्या, आणि उलट्यांवर उपाय म्हणून घरच्यांनी तिला तांब्यावर तांब्या साधं पाणी पाजलं होतं. वर्षापूर्वी कुणा डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ असं सांगितलं होतं. तात्यांच्या घरात अर्धवट काही करायची पद्धत नाही. त्यांनी मीठ बंद केलं. भाकरीतलं बंद, आमटीतलं बंद.

“पांढरा रस्सासुदिक अळणी करतोय तिच्यासाठी,” तात्या अभिमानाने म्हणाले.

सोडियम वाढवायचं, पण हळूहळू. घाईने वाढवलं तर मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं. बोलणं जातं, हातपाय जातात. फार सावकाश गेलो तर सूज तशीच राहते आणि फिट येते. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद असते. ती साधारण कुठून जाते ते कॅल्क्युलेटर दाखवतो. पण त्यासाठी तो वजन विचारतो, कारण वजनावरून शरीरात पाणी किती ते ठरतं. पुढे दर काही तासांनी रक्त तपासून चाल सुधारायची असतेच. पण पहिलं पाऊल वजनावर पडतं.

आज्जीला फिट आली नव्हती, श्वास व्यवस्थित होता. मोजायला थोडा वेळ हातात होता. थोडाच.

“तात्या, रवा जुना की नवा?” मी विचारलं. आपण किती जाणकार वाटलो असू, असं मला उगीच वाटलं.

“जुनाच की. नव्या रव्याचं कोन बोलतंय. आई म्हंजे साठ किलो. वाटलं तर लिहून देतो. आमचं गुऱ्हाळ हाय, मॅडम. दरसाल हंगामाच्या पयल्या दिवशी मोठ्या काट्यावर आधी आईला बसवतो. काटा साठ दावला म्हंजे काटा बरोबर. मग नारळ फोडायचा. तीस वर्सं झाली, आईवरनंच काटा लावतोय.”

मी आज्जीकडे पाहिलं. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. गालांत खड्डे. साठ किलो मला तरी दिसेनात.

उभं राहता न येणाऱ्या पेशंटचं वजन टेपने अंदाजता येतं. गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची आणि दंडाचा घेर मोजायचा, कॅल्क्युलेटरमध्ये टाकायचा. मी टेप काढला आणि आज्जीच्या दंडाभोवती लावला. आज्जीने डोळे उघडले.

“बाही कोपरापत्तोर ठेव,” ती म्हणाली. “मागच्या टायमाला आखूड केलीस.”

“आज्जी, मी डॉक्टर आहे.”

“व्हय, व्हय. समद्या टेलरनी असंच म्हनत्यात. आन् गळा लई खोल नगं.”

मी गुडघ्याकडे टेप नेला तेव्हा तिने माझा हात पकडला. “बलाउजला गुडगं कशाला मोजतीस गं?”

प्रश्न रास्त होता. शबाना सिस्टर तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळली.

टेपचा अंदाज आला सेहेचाळीस. तात्या साठवर ठाम. अंदाज चार-पाच किलोंनी चुकू शकतो, पण चौदा किलोंनी चुकला तर कुणीतरी खोटं बोलतंय. टेप बोलतोय की तात्या, एवढाच प्रश्न.

“काट्यावरच घ्यायचं,” मी म्हणाले.

आता काट्यावर घ्यायचं म्हणजे कसं, तर लहान बाळाचं करतात तसं. कुणीतरी पेशंटला उचलून काट्यावर उभं राहायचं. मग त्या माणसाने एकट्याने उभं राहायचं. वजाबाकी केली की झालं. हा मार्ग मला फार सोपा वाटला, कारण समोर पैलवान उभा होता, आमच्या काट्यावर नंतर एकशे बारा भरलेला.

त्याने आज्जीला फुलासारखी उचलली. आज्जीने त्याच अवस्थेत पदर डोक्यावर ओढला. पैलवान काट्यावर चढला. काट्याने थोडा विचार केला आणि इंग्रजीत तीन अक्षरं दाखवली.

“एरर आलाय, मॅडम!” शबाना सिस्टर म्हणाली. तिचा आवाज असा आहे की हॉस्पिटलला माइक घ्यावा लागला नाही.

“एरर म्हंजे किती किलो?” तात्यांनी विचारलं.

काट्याची मर्यादा दीडशेची होती. दोघं मिळून ती ओलांडून गेले होते.

“मी सकाळचा खुराक घेतलाय,” पैलवान ओशाळून म्हणाला. “जरा जाऊन येऊ काय?”

“नको,” मी म्हणाले. “दुसरं कुणीतरी लागेल.”

तात्यांचं हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वॉर्डातल्या मावशींची कंबर धरलेली. शबाना सिस्टरला सातवा महिना. राहिल्या काकी. धडधाकट, हसतमुख, उसाच्या मोळ्या उचलून तयार झालेले हात. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

“काकी, दोन मिनिटांचं काम आहे.”

त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, “मॅडम, पाया पडते. ह्यास्नी मी पासष्ट सांगितलंय.”

पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते. काकी पेशंट नव्हत्या, पण नियमाचा आत्मा मला समजतो. मला तर तो जरा जास्तच समजतो. माझं वजन माझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही.

“मी घेते,” मी म्हणाले.

कुणालाच ऐकू गेलं नाही. मला परत, जरा मोठ्याने म्हणावं लागलं. मग मात्र सगळ्यांना ऐकू गेलं आणि वॉर्डमधल्या तीन बेडवरचे नातेवाईक उठून बघायला आले.

“पावणं, जरा बाजूला सरा,” तात्यांनी त्यांना हटवलं. “मॅडम आईला पाठंगुळीला घ्यायल्यात.”

पैलवानाने लगेच ताबा घेतला. आतापर्यंत तो रडवेला होता. आता त्याला त्याचं काम सापडलं होतं.

“मॅडम, पाय खांद्याएवढं फाकवा. न्हाय, अजून. गुडघ्यात बसा जरा. कंबर वाकवायची न्हाय, मांडीवर घ्यायचं. मान वर. हां! आखाड्यात उतरलाय असं समजा.”

मी आयुष्यात कुठल्याही आखाड्यात उतरलेले नाही. शाळेच्या स्पोर्ट्स डेला मी स्कोअर लिहीत असे. पैलवानाने आज्जीला उचलून माझ्या पाठीवर ठेवलं. तिचे हात माझ्या गळ्याभोवती आले. मी काट्यावर चढले. पैलवान मागे दोन्ही हात पसरून उभा.

“हात लावू नका,” मी कशीबशी म्हणाले. “तुम्ही टेकवलात तर वजन कमी येईल.”

“बाहीला लेस लाव,” आज्जी माझ्या कानात म्हणाली.

“पंच्याण्णव पॉइंट दोन!” शबाना सिस्टरने पुकारा केला.

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. पैलवानाने आज्जीला अलगद काढून बेडवर ठेवलं.

“आता मॅडम एकट्या!”

“सिस्टर,” मी म्हणाले, “जरा हळू.”

“काय म्हनलासा? एकावन्न! मॅडम एकावन्न बरोब्बर!”

“एकावन्न!” पुरुषांच्या वॉर्डातून कुणीतरी दुजोरा दिला. गुळाचे सौदे असेच होतात म्हणे. पुढचा कुणी ‘बावन्न’ म्हणायच्या आत मी काट्यावरून उतरले.

“हा काटा तीन किलो जास्त दाखवतो,” मी म्हणाले. घरच्या काट्यावर मी अठ्ठेचाळीस आहे.

“न्हाय वो मॅडम. सकाळीच तपासून गेल्यात,” शबाना सिस्टर तितक्याच मोठ्याने म्हणाली.

खरं तर फरक पडत नव्हता. काटा जास्त दाखवत असेल तर दोन्ही वेळा तेवढंच जास्त दाखवणार. वजाबाकीत त्याची चूक कटून जाते. या पद्धतीची हीच गंमत आहे. पंच्याण्णव पॉइंट दोनमधून एकावन्न गेले. चव्वेचाळीस पॉइंट दोन.

“आज्जी चव्वेचाळीस किलो,” मी म्हणाले.

“काटा खराब हाय,” तात्या म्हणाले.

“आवं,” काकी हळूच म्हणाल्या.

“खराबच हाय. आई साठ हाय. तीस वर्सं...”

“आवं, पन ह्या हंगामाला न्हवती साठ. आठवतंय का? काटा सत्तेचाळीस दावत हुता. तुम्ही म्हनलासा, काटा बिघडला. मग मिस्त्रीला बोलवून साठवर आनून घेतलासा.”

तात्या आज्जीच्या बेडवर पायाशी बसले. त्यांनी तिचं पाऊल हातात घेतलं आणि बघतच राहिले, जणू पहिल्यांदा बघताहेत.

“आई वाळत चाललीती,” ते म्हणाले, “आन् आम्ही काटा दुरुस्त केला.”

मेडिकल कॉलेजात अशा वेळेसाठी एक वाक्य शिकवतात, ते इंग्रजीत असतं. मी फक्त स्टूल त्यांच्या बाजूला सरकवलं, पाय टेकायला.

पुढे बोलल्या काकीच. “आन् त्या आडत्याशी अख्खा हंगाम भांडलासा. तुझा काटा मारतोय म्हनून. मार्केटात कॉलर धरलासा त्येची.”

“व्हय की,” तात्यांनी कपाळावर हात मारला. “सरळ मानूस निघालं की वो ते.”

“तात्या,” आता पैलवानाचा चेहरा उतरला होता. “म्हंजे आपल्या काट्यावर माझं एकशे पंचवीस भरलंतं ते...?”

“खोटं,” काकी म्हणाल्या.

“मी तालमीत समद्यास्नी सांगितलंय!”

शबाना सिस्टर खुर्चीत बसून पोट धरून हसू लागली. तिला बघून काकी, मग तात्याही, डोळे पुसत. मी औषधाच्या ट्रॉलीकडे तोंड करून हसले. ड्रिपचा आकडा काढायचा होता आणि हसू आवरत नव्हतं. म्हणून मी आकडा तीनदा काढला. तीनदा तोच आला.

चव्वेचाळीस किलो धरून ड्रिप लागली, सावकाश. तात्यांचे साठ धरले असते तर ती साधारण एक तृतीयांश जास्त वेगाने गेली असती. नव्या रव्याचे वीस धरले असते तर मुंगीच्या चालीने. कॅल्क्युलेटरने दोन्ही आकडे तितक्याच शांतपणे दिले असते. त्याचा हा स्वभाव मी तोपर्यंत गुणच समजत होते.

तासाभराने सरांचा फोन आला.

“मोजलं?”

“हो सर. चव्वेचाळीस.”

“छान. कसं मोजलंस? बेड-स्केल तर नाही आपल्याकडे.”

“पाठंगुळीला घेऊन.”

“कुणाच्या?”

“माझ्या.”

बराच वेळ म्हैससुद्धा ओरडली नाही.

“अच्छा,” सर म्हणाले. “म्हणजे वजाबाकीला तुझं वजन...”

“सर, आवाज तुटतोय,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. रेंज उत्तम होती.

संध्याकाळी सोडियम एकशे सतरा झालं. हवं तेवढंच. सकाळी एकशे एकवीस. राउंडला मी गेले तेव्हा आज्जी उशीला टेकून बसली होती. समोर पैलवान होता आणि तिच्या डोक्यावर पदर नव्हता.

“मुडद्या, दाढी कर की जरा,” ती त्याला म्हणत होती. पैलवान आनंदाने मान हलवत होता.

शुद्ध नीट आली का हे बघायला आम्ही चार साधे प्रश्न विचारतो. मी बेडजवळ उभी राहिले. तात्या, काकी, शबाना सिस्टर सगळे भोवती जमले.

“आज्जी, नाव सांगा.”

“हौसाबाई.”

“हा कोण?”

“नातू. दुसरं कोन खातंय एवढं?”

“आपण कुठे आहोत?”

“दवाखान्यात. कोल्लापुरात.”

आता शेवटचा प्रश्न. मला जरा धाकधूक होती. मी टेलरीण निघाले तर अजून मेंदू पूर्ण जागेवर आला नाही, असा अर्थ.

“आणि मी कोण?”

आज्जीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सावकाश. मग बोळकं उघडून हसली.

“तू व्हय? एकावन्न किलो.”

केसपेपरवर मी ‘शुद्ध पूर्ण, स्मरणशक्ती उत्तम’ असं लिहिलं. स्मरणशक्ती हा शब्द लिहिताना पेन जरा जोरात टेकला गेला.

आज्जीचं वजन का उतरलं ते नंतर शोधलं. सगळ्या तपासण्या केल्या. भयंकर काही निघालं नाही. कवळी सैल झाली होती आणि अळणी जेवण तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. ताट समोर आलं की दोन घास खायची आणि उरलेलं गुपचूप कुत्र्याला घालायची. कुत्रं चांगलं जाड झालं होतं म्हणे. तेही घरात कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. सरांनी गोळी बदलली, पाण्याचं माप ठरवून दिलं आणि जेवणात थोडं मीठ परत आणलं. ‘थोडं’ म्हणजे किती, ते त्यांनी चमच्याने मोजून दाखवलं. तात्यांचा काही भरवसा नव्हता.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले की काटा आणि माणूस यांचं जमेना झालं, तर आधी माणसाला तपासावं. आणि वजन विचारताना किलोत विचारावं.

घरी सोडताना तात्या माझ्यासाठी गुळाचा रवा घेऊन आले. नवा, दहाचा. “आडत्याच्या काट्यावर तोललाय,” ते म्हणाले. “माफी मागून आलो त्येची. मॅडम, एक इनंती हाय. आईचं वजन आता वाढत जानार. तिच्यावरनं काटा लावता यायचा न्हाय. पुढच्या हंगामाला पयल्या दिवशी तुम्ही या. तुमचं पक्कं हाय, सगळ्या दवाखान्यानं ऐकलंय.”

मी नको म्हणणार होते. पण मागून आज्जी म्हणाली, “यील की. टेलरीन हाय ती, मापाची पक्की.” आणि तिने मला डोळा मारला.

मी जाणार आहे. तोपर्यंत तो रवा मी घरात सगळ्यांना वाटतेय, स्वतः खात नाहीये. अख्ख्या गुऱ्हाळाचा काटा एकावन्नवर लागायचा आहे.